जुन्या सायकलीचा जीर्णोद्धार आणि घड्याळाची साक्ष

२०१५ सालच्या जून महिन्यात नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत आळीपाळीने सायकल चालवून पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यावरील ॲनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, आणि त्यासाठी लागलेला वेळ ८ दिवस १४ तास ५५ मिनिटे. दोघांच्या चमूने ही शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, त्या वेळी नाशिकला असलेले लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तेच दिव्य एकट्याने ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पार पाडले. एकट्याने ही शर्यत मुदतीत संपवणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्या मागोमाग काही तासांतच नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोचले.

या घटनांनंतर नाशिकमध्ये सायकलीविषयीच्या गप्पांना एक निराळीच धार चढली. गंगापूर रस्त्याने किंवा त्र्यंबकच्या दिशेने पहाटे निघणाऱ्या मंडळींत एक प्रश्न हटकून निघतो : आपल्याकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीची टाइम ट्रायलची सायकल आहे, तिची चाके, हँडल, गिअर बदलून घ्यावेत, की ती विकून नवीच आणावी? आणि त्याने वेग खरोखर वाढेल काय? नव्या सायकलीची किंमत काही लाखांच्या घरात असल्यामुळे प्रश्न शास्त्रीय जिज्ञासेपुरता राहत नाही. घरातल्या इतर माणसांचेही त्यात काही म्हणणे असते.

साहित्याच्या अभ्यासकांना या प्रश्नाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की प्रश्न वरकरणी यंत्राचा असला तरी त्याच्या पोटात कर्तृत्वाचा प्रश्न आहे. साधन आणि साधक यांच्यात श्रेयाची वाटणी कशी करायची, याचा वाद सायकलशर्यतीच्या इतिहासात सव्वाशे वर्षे चालला आहे. आणि सतार की सतारिया अशा आपल्या ओळखीच्या वादाहून त्याचे एक वेगळेपण आहे. येथे साक्षीदार म्हणून घड्याळ हजर असते. ते खोटे बोलत नाही, मात्र विचारलेल्या प्रश्नापलीकडे काही सांगतही नाही.

ज्यांनी ही सायकल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन आवश्यक आहे. टाइम ट्रायल म्हणजे प्रत्येकाने एकट्याने, दुसऱ्याच्या आडोशाला न जाता, ठरलेले अंतर कापायचे आणि कमीत कमी वेळ नोंदवणाऱ्याने जिंकायचे. फ्रेंचमध्ये या प्रकाराच्या नावाचा अर्थच 'घड्याळाविरुद्ध' असा होतो. इंग्रजी नावातल्या 'ट्रायल'ला कसोटी आणि खटला अशा दोन्ही अर्थांची छटा आहे. मराठीत आपण मूळ शब्दच तसाच उचलला. या शर्यतीसाठीच्या सायकलीला नेहमीच्या वाकड्या हँडलाऐवजी पुढे आलेले दोन दांडे असतात. त्यांवर कोपरे टेकून, पाठ जमिनीला समांतर होईल इतके वाकून स्वार बसतो. नळ्या गोल नसून माशासारख्या चपट्या असतात, आणि मागचे चाक बहुधा आऱ्यांऐवजी भरीव तबकडीचे असते. सारा खटाटोप हवेसाठी. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जाताना स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती घनाने, म्हणजे वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट हवी. घनाचा हा हिशोब पुढे पुन्हा लागणार आहे.

या शर्यतीचा जन्म मात्र हवेच्या विरोधातून झाला नाही. तो समाजाच्या विरोधातून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील रस्ते घोड्यांचे आणि घोडागाड्यांतून जाणाऱ्या प्रतिष्ठितांचे होते. १८९४ च्या जुलैमध्ये एफ. टी. बिडलेक आणि त्यांचे दोन सोबती शर्यतीच्या भरात एका घोडागाडीजवळ कोसळले. गाडीतल्या बाईंनी पोलिसांत तक्रार केली. रस्त्यावरच्या शर्यतींवर कायद्याची वक्रदृष्टी होतीच, तिने आता सायकलसंघटनाही घाबरल्या. तेव्हा याच बिडलेक यांनी तोड काढली. स्वारांनी एकत्र सुटायचे नाही, एकेकट्याने, काही मिनिटांच्या अंतराने सुटायचे. पाहणाऱ्याला वाटावे की एक गृहस्थ जरा घाईत आहे, एवढेच. १८९५ मध्ये अशी पहिली शर्यत भरली. पुढे कित्येक दशके इंग्रज स्वार पहाटेच्या अंधारात, खांद्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालून निघत. मार्गांची नावे न सांगता त्यांना अक्षरे आणि आकडे यांचे सांकेतिक क्रमांक दिले जात. ते क्रमांक आजही तिथे रूढ आहेत. टाइम ट्रायल ही अशी मुळात लपूनछपून करण्याची गोष्ट होती. वाहनांची वर्दळ सुरू होण्याआधी महामार्गावर आपला वेळ मोजून घेणाऱ्या नाशिकच्या स्वाराला या वृत्तीशी नाते जुळल्यासारखे वाटेल.

त्या काळात यंत्राकडे पाहण्याची दृष्टी संशयाची होती. 'तूर द फ्रान्स'चा संस्थापक आंरी देग्रांज हा स्वतः १८९३ मध्ये तासाभरात ३५.३२५ किलोमीटर कापून पहिला अधिकृत तास-विक्रम नोंदवणारा गडी. पण शर्यतीत गिअर बदलण्याचे यंत्र वापरणे त्याला दुबळेपणाचे वाटे. त्याने सुरू केलेल्या शर्यतीत ते यंत्र १९३७ पर्यंत निषिद्ध होते. त्याहून बोलका प्रसंग १९३३ चा. फ्रान्सिस फोर नावाच्या दुय्यम दर्जाच्या स्वाराने शार्ल मोशे याने बनवलेल्या, पाठीवर रेलून चालवण्याच्या सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि ऑस्कर एग याचा १९१४ पासून अबाधित असलेला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. सायकलीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढच्याच वर्षी सायकल कशाला म्हणावे याची व्याख्या केली आणि त्या व्याख्येत ही आडवी सायकल बसेनाशी झाली. व्याख्या करून प्रतिस्पर्ध्याला प्रांताबाहेर घालवण्याची ही युक्ती साहित्यसमीक्षेतही अगदीच अपरिचित नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. फोरच्या सायकलीत इंजिन नव्हते, धातूही जगावेगळा नव्हता. तिने फक्त माणसाला निराळ्या तऱ्हेने बसवले होते. आमच्या विषयाचे मर्म आम्हांला येथेच दिसते. स्वार आणि सायकल मिळून हवेला जो अडथळा करतात, त्यातला ढोबळमानाने पाऊण वाटा स्वाराच्या देहाचा असतो. सायकल कितीही चपटी केली तरी तिच्या वाट्याला उरलेल्या पावामधूनच काही वाचवता येते. वेगाच्या इतिहासातल्या मोठ्या उड्या त्यामुळे लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम किंवा ॲल्युमिनियमऐवजी कार्बन आल्याने पडलेल्या नाहीत. त्या माणसाने देह आखडून घेतला तेव्हा पडलेल्या आहेत.

सगळ्यात मोठी उडी ज्या साधनाने घडवली, ते कोपरे टेकण्याचे हँडल. त्याच्या पूर्वेतिहासात महाजन बंधूंच्या शर्यतीचे नाव येते, ही नाशिककरांनी आवर्जून ध्यानात ठेवावी अशी गोष्ट. १९८६ मध्ये पीट पेन्सेयर्स याने 'रेस अक्रॉस अमेरिका' जिंकली ती अशाच, हातांचा पुढचा भाग टेकवता येईल अशा हँडलावर. दिवसेंदिवस हँडल धरून तळहात आणि बोटे बधिर होतात. त्यांवरचा भार कोपरांवर घेतला की दिलासा मिळतो. त्या बैठकीत छाती खाली जाते, हात एकत्र येतात आणि हवाही वाट देते. ८ दिवस ९ तास ४७ मिनिटांत त्याने सुमारे ५,००० किलोमीटर कापले. सरासरी ताशी २४.८ किलोमीटर. या सरासरीचा विक्रम किती काळ टिकला? सत्तावीस वर्षे. २०१३ मध्ये ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ श्ट्रासरने तो मोडला तेव्हा सरासरी झाली ताशी सुमारे २५.१. पुढच्या वर्षी त्याच श्ट्रासरने ती २६.४ वर नेली. मधल्या पाव शतकात कार्बनची चौकट आली, विजेवर चालणारे गिअर आले, वाऱ्याच्या बोगद्यांत घासून-पुसून घेतलेल्या सायकली आल्या. आणि एवढ्या सगळ्यांनंतर पदरी पडले ते ताशी तीनशे मीटर. पुढची उडी मात्र एकाच माणसाने एका वर्षात मारली. श्ट्रासरची सायकल त्या बारा महिन्यांत काही क्रांतिकारक झाली नव्हती.

हेच हँडल तीन वर्षांनी पॅरिसच्या रस्त्यावर आले आणि जगाला दिसले. १९८९ च्या 'तूर द फ्रान्स'चा शेवटचा टप्पा व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. लोराँ फिन्यों पन्नास सेकंदांनी आघाडीवर. एवढ्या अंतरात ती आघाडी भरून निघणे जवळजवळ अशक्य मानले जात होते. ग्रेग लेमाँडने ट्रायथलॉनवाल्यांकडून आलेले ते हँडल लावले, डोक्यावर मागे निमुळते होत जाणारे शिरस्त्राण चढवले आणि ताशी ५४.५ किलोमीटरच्या सरासरीने अंतर कापून अठ्ठावन्न सेकंद वसूल केले. तीन आठवडे आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटर चाललेली शर्यत आठ सेकंदांनी फिरली. फिन्यों उघड्या डोक्याने, मागे बांधलेले केस वाऱ्यावर सोडून धावला होता. त्याच्या दोन्ही चाकांत तबकड्या होत्या, म्हणजे यंत्राच्या बाबतीत तो मागासलेला होता असे कोणी म्हणू नये. फरक होता तो हात कोठे टेकले याचा. पुढे फिन्योंने त्या हँडलाच्या नियमबद्धतेवर आक्षेप घेतला, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. बैठकीच्या जागी झालेल्या जखमेने तो त्या दिवसांत हैराण होता, हेही खरे. त्याच्या आत्मचरित्राचा आरंभ कोणीतरी त्याला 'आठ सेकंदांनी हरलेला तो तूच ना' असे विचारण्यापासून होतो. दोनदा ही शर्यत जिंकलेल्या माणसाची ओळख अशी उरावी, हे घड्याळाचे क्रौर्य म्हणायचे की वाचकांचे, हे आम्हांला ठरवता येत नाही.

यानंतरची गोष्ट तास-विक्रमाची. रस्त्यावर चढउतार असतात, वारा असतो. एक तासाचा विक्रम बंदिस्त गोलमार्गावर एकट्याने करायचा असल्यामुळे प्रयोगशाळेच्या तो बराच जवळ जातो. १९७२ मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको शहरात ४९.४३१ किलोमीटर कापले. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या त्या शहरात हवा समुद्रकाठच्यापेक्षा एक पंचमांशाने विरळ. साधन बदलता येत नसेल तर हवाच बदलावी, असा तो विचार. (नाशिकची सुमारे सहाशे मीटर उंचीसुद्धा या बाबतीत अगदीच निरुपयोगी नाही. मुंबईच्या मानाने इथली हवा पाच-सहा टक्क्यांनी हलकी. कसारा घाट चढून आल्याचे बक्षीस म्हणावे.) १९८४ मध्ये त्याच शहरात फ्रान्चेस्को मोझेरने तबकडीची चाके लावून ५१.१५१ पर्यंत मजल मारली.

आणि मग १९९३ मध्ये ग्रेम ओब्री आला. स्कॉटलंडचा हा बेकार तरुण. स्वतःची सायकल त्याने स्वतः जुळवली होती आणि तिच्यात धुलाईयंत्रातली बेअरिंगे बसवली होती. हात छातीखाली दुमडून, पंख मिटलेल्या पक्ष्यासारखा तो बसे. त्या सायकलीला तो 'जुनी विश्वासू' अशा अर्थाच्या नावाने हाक मारी. नॉर्वेतील हामार येथे १६ जुलैला त्याने विक्रमाचा पहिला प्रयत्न केला तो या सायकलीवर नव्हे, तिच्या नव्याने घडवून घेतलेल्या देखण्या प्रतिकृतीवर. जवळजवळ एक किलोमीटरने तो कमी पडला. मार्ग चोवीस तासांसाठी घेतलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, पायांत आदल्या दिवसाचा थकवा असताना, तो आपल्या जुन्या सायकलीवर बसला आणि ५१.५९६ किलोमीटर कापून मोझेरचा विक्रम मोडून मोकळा झाला.

जुनी सायकल की नवी, या प्रश्नाला इतिहासाने याहून नेमका दाखला दिलेला नाही. तोच माणूस, तोच मार्ग, मध्ये एक रात्र. पण या दाखल्यावर फार भार टाकता येत नाही. जुन्या सायकलीत काही गूढ गुण होता आणि म्हणून वेग आला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दोन्हींची बैठक जवळपास सारखीच होती. त्यामुळे नव्या चौकटीने जे काही दिले किंवा हिरावले ते इतके थोडे होते की स्वाराच्या मनाची एका रात्रीतली उलथापालथ त्याहून मोठी ठरली, एवढेच त्यातून सिद्ध होते. आमच्या मते तेवढेही पुष्कळ आहे.

ओब्रीचा विक्रम सहा दिवस टिकला. ख्रिस बोर्डमनने बोर्दो येथे ५२.२७० केले. पुढच्या वर्षी संघटनेने ओब्रीच्या मिटल्या पंखांच्या बैठकीवर बंदी घातली. त्याने हात थेट पुढे ताणून आकाशात झेपावल्यासारखी दुसरी बैठक शोधली. १९९६ मध्ये बोर्डमनने तीच उचलली आणि मँचेस्टर येथे एका तासात ५६.३७५ किलोमीटर कापले. मग तीही बैठक बाद झाली. नियम करणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नव्हती, हे पाहण्यासारखे आहे : त्यांचा रोख धातूपेक्षा माणसाच्या कोपरांवर होता.

अखेर २००० साली संघटनेने घड्याळाचे काटेच उलटे फिरवले. विक्रम करायचा तर तो मर्क्सच्या धर्तीच्या सायकलीवर : गोल नळ्या, आऱ्यांची चाके, वाकडे हँडल. मर्क्सचा ४९.४३१ हाच पुन्हा अधिकृत विक्रम झाला. मधल्या सगळ्यांची रवानगी एका वेगळ्या वर्गात झाली, आणि त्या वर्गाचे नाव ठेवले 'सर्वोत्कृष्ट मानवी प्रयत्न'! ज्यांत यंत्राचा हात अधिक म्हणून बाजूला काढले, त्यांनाच 'मानवी' म्हणण्याची ही गंमत नाव ठेवणाऱ्यांच्या लक्षात आली होती की नाही, कोण जाणे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बोर्डमन मँचेस्टरला या जुन्या वळणाच्या सायकलीवर बसला आणि ४९.४४१ किलोमीटर गेला. मर्क्सहून दहा मीटर अधिक.

एकाच माणसाचे, एकाच शहरातले दोन आकडे आपल्यासमोर आहेत : ५६.३७५ आणि ४९.४४१. जवळजवळ सात किलोमीटरचा फरक. हा फरक सर्वस्वी साधनाचा, असे म्हणण्याचा मोह होतो. पुष्कळांना तो आवरतही नाही. पण २००० साली बोर्डमन कारकिर्दीच्या अखेरीला आलेला होता, प्रकृतीच्या तक्रारींनी खचलेला होता. मर्क्सला मेक्सिकोची विरळ हवा लाभली होती, ती याला नव्हती. आणि साधन म्हणजे तरी काय? त्या सात किलोमीटरांतला मोठा वाटा हात ताणून झोपण्याचा होता. २०१४ मध्ये नियम पुन्हा सैल झाले, टाइम ट्रायलची हँडले परत आली. २०२२ मध्ये फिलिप्पो गान्नाने ५६.७९२ किलोमीटर केले तेव्हा कुठे १९९६ चा तो आकडा मागे पडला. सव्वीस वर्षांत चारशे सतरा मीटर. गान्नाची बैठक बोर्डमनइतकी मोकळी नव्हती हे धरून चौकट, चाके, कपडे यांच्या सुधारणांचे श्रेय यापेक्षा जास्त मानले पाहिजे. नव्वदच्या दशकातल्या एकूण सायकलशर्यतींवर उत्तेजकांची जी छाया आहे तीही विसरता येत नाही. तरीही प्रमाण दिसायचे ते दिसतेच.

आता नाशिकच्या स्वाराकडे वळू. त्याची सायकल समजा २००८-१० च्या सुमाराची आहे. कार्बनची चौकट, कोपरे टेकण्याचे हँडल, चाकाच्या कडेवर दाबणारे ब्रेक. आम्ही एक साधा हिशोब कागदावर मांडला. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो, पायांतून सातत्याने निघणारी शक्ती २२० वॉट, नाशिकची हवा, सपाट रस्ता, ४० किलोमीटर. साध्या वाकड्या हँडलावर हवेला आडवे येणारे क्षेत्र ०.३२ चौरस मीटर धरले तर हे अंतर साडेसहासष्ट मिनिटांत संपते. तोच माणूस कोपरे टेकून नीट वाकला आणि क्षेत्र ०.२५ वर आले, की साडेएकसष्ट. पाच मिनिटे वाचली, आणि ती त्याच्या जुन्या सायकलीने केव्हाच वाचवलेली आहेत. आता नव्या चौकटीने आणि आत लपवलेल्या केबलींनी क्षेत्र आणखी दोन-अडीच टक्क्यांनी घटले असे उदार मनाने धरू : अर्ध्या मिनिटाच्या आत. उलट टायर चांगले घेतले आणि रस्त्याशी होणारे घर्षण एक पंचमांशाने कमी झाले, तर सुमारे एक मिनिट. गणिताचे आकडे गृहीतांवर अवलंबून असतात. पण गृहीते थोडी इकडेतिकडे केली तरी त्यांचा क्रम बदलत नाही. चौकटीच्या किंमतीत टायरांच्या किती जोड्या येतील, हे दुकानदाराला विचारणे बरे दिसत नाही.

वजनाचे तर विचारूच नये. सायकल एक किलोने हलकी झाली तर कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंतच्या सुमारे तीनशे मीटरच्या चढणीत या स्वाराचे तेरा सेकंद वाचतात. आणि नव्या टाइम ट्रायल सायकली, त्यांच्या तबकडी-ब्रेकमुळे आणि जाड नळ्यांमुळे, जुन्या सायकलींहून पुष्कळदा जडच भरतात!

जीर्णोद्धाराची अडचण मात्र खरी आहे. जुन्या चौकटीत मागच्या चाकासाठी १३० मिलिमीटरची जागा. आजची तबकडी-ब्रेकची चाके १४२ मिलिमीटरची आणि आरपार जाणाऱ्या आसाची. ती जुनीत बसत नाहीत. जुन्या चौकटीत तेवीस-पंचवीस मिलिमीटरहून रुंद टायरला वाव नाही, आणि आपल्या रस्त्यांवर रुंद टायर कमी हवेवर चालवणे हे सुखाचेही असते आणि वेगाचेही. नव्या सायकलीचा खरा लाभ आम्हांला येथे दिसतो, जाहिरातीतल्या चपट्या नळ्यांत नव्हे. दुसरा लाभ असा की नव्या हँडलाची उंची, लांबी, कोन बारीकसारीक बदलता येतात. पण त्यासाठी सायकल बदलावी लागत नाही. एक हँडल आणि देहाची मापे ओळखणारा जाणता माणूस पुरतो.

अमेरिका ओलांडणाऱ्या शर्यतीत हा हिशोब आणखी निराळा होतो. तिथे घड्याळ एकदा सुरू झाले की झोपेतही थांबत नाही. गोकुलनाथांच्या पावणेदोनशे-दोनशे नव्हे, तब्बल २८२ तासांत थांबणे, खाणे, झोपणे सगळे आले. म्हणून सरासरी ताशी सतरा-अठरा किलोमीटर. महाजन बंधूंची, एक विसावत असताना दुसरा चालवत असल्यामुळे, तेवीसच्या थोडी वर. या वेगाला हवेचे महत्त्व घटते. नव्या सायकलीने अर्धा टक्का दिला असे मानले तर अकरा दिवसांत तास-सव्वातास. ही बचत शून्य नाही. पण फार खाली वाकल्याने मान धरली तर तेवढा वेळ एका दुपारीत जातो. या शर्यतीत मानेचे स्नायू इतके निकामी होतात की डोके वर राहत नाही. १९८३ मध्ये मायकल शर्मर या स्पर्धकाला तसे झाले आणि त्या दुखण्याला त्याचेच नाव पडले. महाजन बंधूंचा वेळ पेन्सेयर्सच्या १९८६ च्या वेळेहून पाच तासांनी अधिक आहे, तो एकटा होता आणि हे दोघे, असे दाखवून कोणाला त्यांचे कर्तृत्व उणे करायचे असेल तर त्याने खुशाल करावे. आम्हांला त्यातून दिसते ते एवढेच की एकोणतीस वर्षे नव्या असलेल्या सायकलींनी ते पाच तास भरून दिले नाहीत. दवाखान्यातून वेळ काढून सराव करणाऱ्या दोन डॉक्टरांनी ते ८ दिवस १४ तास आपल्या पायांनी मिळवले.

आपल्याकडे गावोगावच्या सायकलशर्यतींत साध्या सायकलींचा आणि गिअरच्या सायकलींचा गट वेगळा ठेवतात. आंतरराष्ट्रीय संघटनेला जे २००० साली सुचले ते जत्रेतल्या शर्यतीच्या आयोजकांना आधीपासून ठाऊक होते. या वेगळ्या गटांत एक शहाणपण आहे, तसा एक अन्यायही आहे : साध्या गटात जिंकणाऱ्या मुलाला पुढच्या गटात जायचे तर पाय पुरत नाहीत, पैसा लागतो. आणि फरक पडतो तो नेमका याच पायरीवर. साध्या हँडलावरून कोपरे टेकण्याच्या हँडलावर जाण्यात पाच मिनिटे आहेत. जुन्या टाइम ट्रायल सायकलीवरून नव्या सायकलीवर जाण्यात अर्धे मिनिट.

म्हणून नाशिकमध्ये जेव्हा एखादा हौशी स्वार आपली पंधरा वर्षांची सायकल काढून नवी घेतो, तेव्हा वेग कोणाचा वाढला हे पाहायचे असेल तर नव्या सायकलीकडे पाहून उपयोग नाही. ती जुनी सायकल कोणी, किती रुपयांना घेतली, आणि त्याने याआधी कधी कोपरे टेकून सायकल चालवली होती की नाही, याची चौकशी करावी लागेल.